अण्णांच्या सायकलचं वय

सायकल छताखालच्या आकड्यावरून उतरवायला तीन भावंडं लागली आणि तिघांनी ती तीन बाजूंना ओढली. परिणामी ती काही वेळ हवेतच लोंबकळत राहिली, आणि मडगार्डावरची धूळ मात्र तिघांच्या डोक्यांवर समसमान पडली. या घरात समसमान वाटणी झालेली ती पहिलीच गोष्ट असावी.

"सोड म्हणतोय ना! मी धरलीय," दादा ओरडला.

"तू धरलीयेस म्हणूनच सोडत नाहीये," धाकटा म्हणाला.

रविवारची दुपार होती. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. गिऱ्हाईक येण्याची भीती नव्हती; तशी ती इतर दिवशीही फारशी नसे. मागच्या रविवारी दादाच्या घरी जेवणाच्या टेबलावर जे रणकंदन झालं, त्याचा शेवट धाकट्याच्या एका वाक्यानं झाला होता. "दुकानाला शंभर वर्षं झाली, शंभर वर्षं झाली, हे किती दिवस ऐकायचं? सिद्ध कर. सायकल अण्णांच्या काळातली निघाली तर दुकान विकायचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही निघाली तर मुकाट्यानं सही करायची." दादानं टेबलावर मूठ आपटून "मान्य!" म्हटलं होतं. तेव्हापासून त्याला धड झोप लागली नव्हती.

अण्णा म्हणजे या तिघांचे आजोबा, दुकानाचे संस्थापक. घराण्याची कथा अशी की अण्णा ऐन तारुण्यात या सायकलवर बसून या गावात आले, जिथे चाक पंक्चर झालं तिथेच उतरले आणि तिथेच सायकलचं दुकान टाकलं. कथा सांगण्याचं काम दादाकडे होतं. त्याच्या लहानपणी अण्णा शेजारच्या गावाहून येत. हल्ली ते डोंगर ओलांडून, भर पुरातून, तापानं फणफणलेले असे येऊ लागले होते.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आत्या बसली होती. अण्णांची मुलगी, वय ऐंशीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दुकानाच्या डोक्यावरची खोली तिची. जन्मापासून ती तिथेच राहत आली होती. दुकान विकलं तर ती खोलीही जाणार हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

"आत्या, तू वर जाऊन पड ना जरा," मधली म्हणाली. "उगाच तुला त्रास."

"बसू दे गं. माझ्याच खोलीचं चाललंय," आत्या म्हणाली.

मधलीनं लगेच सायकलकडे बघायला सुरुवात केली. मधली शाळेत मुख्याध्यापिका होती. दोन भावांत एकेक मत पडलं की तिसरं तिचं, त्यामुळे तिच्या मताला फार भाव होता आणि ती ते लवकर देत नसे. सकाळी ती दादाच्या बाजूची होती, कारण दादानं दुकानाच्या शंभरीच्या समारंभात तिला अध्यक्षीय भाषण देऊ केलं होतं. येताना धाकट्यानं तिला स्वतःच्या गाडीतून आणलं आणि वाटेत तिच्या दाढेचं फुकट बघून देतो म्हणाला, तेव्हापासून ती तटस्थ होती.

धाकटा दंतवैद्य. दवाखान्यातून तो बारीक दांड्याचा गोल आरसा आणि खिशातली बॅटरी घेऊन आला होता. त्यानं गुडघे टेकले आणि सायकलच्या दिव्याखाली आरसा घातला.

"आ करा," तो सायकलला म्हणाला.

"थट्टा नकोय," दादा म्हणाला. "अण्णांची सायकल आहे ती."

"तेच तर बघतोय, अण्णांची आहे का ते."

दादाची तयारी वेगळी होती. त्यानं काउंटर पुसून घेतला होता, त्यामागे कापडानं झाकलेलं मोठं तैलचित्र उभं केलं होतं. चित्रात अण्णा सायकलवर स्वार होते, मागे वीज चमकत होती. चित्रकारानं अण्णांना पाहिलं नव्हतं म्हणून दादा स्वतः समोर बसला होता. साहजिकच चित्रातले अण्णा हुबेहूब दादासारखे दिसत होते. समारंभ झाला की व्यापारी संघाचं अध्यक्षपद चालत घरी येईल, असं त्याला संघातल्या दोघांनी सांगितलं होतं. शंभर वर्षांचं दुकान कुणाकडेच नव्हतं. आत्याची खोली वाचवायचीय, असं तो जो भेटेल त्याला सांगायचा, आणि आता त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

"पहिला पुरावा," दादा म्हणाला. "दिवा. तेलाचा दिवा आहे हा. वीज नव्हती तेव्हाचा. काय म्हणणं आहे?"

धाकट्याची मोठी पंचाईत झाली होती. हा दिवा खोटा आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, पण ते सिद्ध करायचं तर कसं माहीत हेही सांगावं लागणार होतं. त्यानं आरसा पुसला, परत पुसला. शेवटी जिंकण्याची हौस लाजेपेक्षा मोठी ठरली.

"हा दिवा मी लावलाय," तो म्हणाला.

"तू?"

"कॉलेजात असताना. जुन्या वस्तूंची स्पर्धा होती. आपल्या सायकलला साधा बॅटरीचा दिवा होता, तो शोभत नव्हता. भंगारवाल्याकडून हा आणला."

"अण्णांच्या सायकलला भंगार लावलंस?" दादाचा आवाज चढला. "आणि वर नंबर आणलास?"

"दुसरा," धाकटा म्हणाला. त्याला अजून ते लागलेलं होतं. "पहिला एका शिलाई मशीनला गेला."

मधली खुदकन हसली. धाकट्यानं वर पाहिलं आणि त्याच क्षणी आरसा सीटखाली सरकवला. बहीण हसली की तिला सोडायचं नाही हा त्याचा लहानपणापासूनचा नियम होता.

"या चामड्याला बुटाच्या पॉलिशचा वास का येतोय गं, ताई?"

"मला काय विचारतोस?"

"तुझा चेहरा बघून विचारतोय."

मधलीनं वर्गात कॉपी करणारी असंख्य पोरं पकडली होती. पकडलं जाताना कसं वाटतं हे मात्र तिला आज कळत होतं. तिनं पदर सारखा केला, घसा साफ केला. "शाळेत प्रदर्शन होतं. मी नुकतीच मुख्याध्यापिका झाले होते. सायकलला ते फाटकं रेक्झिनचं सीट. पाहुण्यांपुढे कसं ठेवणार? मी फक्त... काळाला साजेसं सीट बसवलं."

"आणि पॉलिश?"

"चकाकी नको का यायला?"

"म्हणजे मुलांना तू इतिहास शिकवलास की बूट?"

"तू गप्प बस, दुसरा नंबर!"

इतर घरांत जुन्या वस्तू नव्या दिसाव्यात म्हणून लोक रंगरंगोटी करतात. हे सायकलवाल्यांचं घर. सगळ्यांच्या हाताला पाना लहानपणापासून माहीत, आणि समोर पूर्वजांची सायकल टांगलेली. त्यामुळे ज्याला जेव्हा तिचा मोठेपणा कमी वाटला तेव्हा त्यानं हळूच एक सुटा भाग काढून त्याहून जुना बसवला. सायकल वर्षागणिक म्हातारी होत गेली, आणि आपल्याशिवाय दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला नाही अशी प्रत्येकाची खात्री होती.

"ठीक आहे," दादा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण आवाज खंबीर होता. "दिवा गेला, सीट गेलं. मागचं चाक बघा. त्याच्या मधोमधचा हा हब बघा. असे हब बनवायचे कधीच बंद झालेत. याला कुणी हात लावलेला नाही हे मी छातीठोकपणे सांगतो."

चहाचा ट्रे घेऊन वहिनी शटरखालून वाकून आत आल्या त्या याच वेळी. वाकताना त्यांचे गुडघे वाजले. दादाच्या बायकोला सगळे वहिनीच म्हणत. तीस वर्षं त्या चारचौघांत नवऱ्याच्या मताच्या होत्या. मनातून मात्र त्यांना दुकान विकलेलं हवं होतं, आणि त्या पैशातून लिफ्ट असलेलं घर. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि भाजीची पिशवी दादा कधीच उचलत नसे. नवऱ्याविरुद्ध बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. नवऱ्याची आठवण ताजी करून देणं मात्र बायकोचं कर्तव्यच होतं.

"अहो, हे चाक तेच ना?" त्या ट्रे ठेवत भाबडेपणानं म्हणाल्या. "आपलं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला दाखवायला म्हणून सायकलवर बसून आला होतात आणि आमच्या दारातल्या खांबावर आपटलात. रिमचा पार आठ झाला होता. मग हे नवीन बसवलंत. म्हणजे जुनं, पण नवीन."

दादानं हबवरचा हात काढून घेतला.

"तुला कशाला आत्ता आठवलं हे?" दादा दबक्या आवाजात म्हणाला.

"लग्नाची आठवण आहे, विसरेन कशी?" वहिनी म्हणाल्या आणि धाकट्याला चहा पुढे केला. "भाऊजी, साखर कमी घातलीय बरं का तुमच्यात."

धाकट्यानं वहिनींकडे आदरानं पाहिलं. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच जाणवलं की ही बाई आपल्या बाजूची आहे.

"मग राहिलं काय?" तो म्हणाला. "फ्रेम. फ्रेमवर नंबर असतोच. उलटी कर."

सायकल सीट-हँडलवर उलटी केली गेली. दोन्ही पायडलांचा दांडा ज्या नळीतून जातो तिच्या पोटावर रंगाचे थर चढले होते. दादानं पातं घेतलं आणि खरवडायला लागला. वरचा काळा रंग निघाला, त्याखालचा हिरवा निघाला, त्याखाली परत काळा. सगळे वाकून बघत होते. वहिनीसुद्धा गुडघे विसरल्या.

"चार," धाकटा बॅटरीच्या उजेडात वाचू लागला. "एक. चार... सहा. पुढे?"

"पुढे नाहीच!" दादा ओरडला. "चार आकडी! अरे, चार आकडी नंबर! कारखान्यांनी लाखांनी सायकली काढल्या. चार आकडी म्हणजे अगदी सुरुवातीच्या. शंभर काय, जास्तच असेल!"

धाकट्यानं पुन्हा बॅटरी मारली. आकडे चारच होते. त्याचा चेहरा उतरला. मधली एक पाऊल सरकून दादाशेजारी उभी राहिली.

"मी म्हणतच होते," ती म्हणाली. "भाषण केवढं असू दे? पंधरा मिनिटं?"

वहिनींनी धाकट्याचा अर्धा प्यालेला कप उचलून ट्रेमध्ये ठेवला.

आत्यानं हे सगळं पायरीवरून पाहिलं. ती सकाळपासून मनाशी ठरवून बसली होती की गप्प राहायचं. खोटं बोलायचं नव्हतंच, फक्त गप्प राहायचं होतं. वरची खोली तिला हवी होती. खिडकीतला उजेड कुठल्या वेळी कुठे पडतो, कुठली फरशी हलते, नळ किती फिरवला की पाणी येतं, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या वेळेला जेवायचं या विचारानंच तिला घाबरायला व्हायचं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

पण दादाला राहवलं नाही. त्यानं तैलचित्रावरचं कापड खेचलं आणि समारंभात करायचं भाषण तिथेच सुरू केलं.

"अण्णा या सायकलवरून आले. त्यांनी घाम गाळला. पुढे आमच्या बाबांनी दुकान नावारूपाला आणलं. आज मी ती परंपरा चालवतोय. आणि हो, आमची आत्या! तिला कसं विसरू? आत्याचीही फार सोबत झाली या सगळ्यांना. वेळेवर चहा, वेळेवर जेवण..."

"काय झालं?" आत्या म्हणाली.

"सोबत, आत्या. तुझं नाव घेतोय मी."

आत्याला राग आला. खोली, खिडकी, नळ, सगळं त्या रागापुढे मागे पडलं. ती भिंतीला धरून उठली.

"तुझा बाप तबला शिकायला म्हणून गेला तो केस पिकायला लागल्यावर परत आला आणि मग बोहल्यावर चढला. तोवर दुकान कोण चालवत होतं? अण्णांचे हात कापायचे, त्यांना नट धरवत नव्हता. चहा करत होते म्हणे मी! ही फ्रेम मी केलीय."

"म्हणजे?"

"अण्णांची फ्रेम गंजून तिचे दोन तुकडे झाले. भंगारातल्या दोन फ्रेमी कापून, पितळ वितळवून मी ही जोडली. इथे. तू उभा आहेस त्या जागी. तेव्हा तू जन्मलाही नव्हतास."

"पण नंबर?" मधलीनं विचारलं.

"बिननंबरची सायकल दिसली की चोरीची म्हणायचे. म्हणून ठोकला. हात दुखायला लागला, मग चार आकड्यांवर थांबले." तिनं काउंटरकडे बोट दाखवलं. "खालच्या खणात आकडे ठोकायचे पंच आहेत. चाराचा बघ. त्याचं पोट फुटकं आहे."

धाकट्यानं खण ओढला. पंचांचा डबा निघाला. चाराचा पंच घेऊन त्यानं पत्र्याच्या तुकड्यावर हातोडी मारली आणि तो तुकडा नंबराशेजारी धरला. तिन्ही चारांची पोटं एकाच जागी फुटकी होती. दादानं ते बघायचं टाळलं.

"निदान अण्णा सायकलवरून आले हे तरी..." त्यानं चित्राकडे हात केला.

"अण्णांना सायकल येत नव्हती," आत्या म्हणाली. "पडायची भीती वाटायची त्यांना. ट्रंक बांधायला म्हणून घेतलेली. हातात धरून चालत आले."

धाकटा इतका हसला की त्याला चित्राच्या चौकटीचा आधार घ्यावा लागला. दादा मात्र वळला आणि आत्याच्या अंगावर आला. आत्यानं त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन झोपवलेलं होतं; असा आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"तुला गप्प बसता आलं नसतं? एवढी वर्षं बसलीस ना? आजच तोंड उघडायचं होतं? माझ्या पत्रिका छापून झाल्यात!"

"माझ्या खोलीसाठी भांडत होतास ना तू?" आत्यानं विचारलं.

दादानं कापड उचललं आणि अण्णांवर परत टाकलं.

"जाऊ दे, आत्या," धाकटा डोळे पुसत म्हणाला. जिंकल्यामुळे तो एकदम प्रेमळ झाला होता. "ठरल्याप्रमाणे दुकान विकायचं. आणि तुझी काळजी करूच नको. माझ्याकडे राणीसारखी राहशील."

"तुझ्याकडेच का?" मधली म्हणाली. ती केव्हाच सरकून धाकट्याशेजारी आली होती. "माझीही आत्या आहे. माझ्याकडे येईल ती."

"आणि आम्ही काय मेलोय?" वहिनी म्हणाल्या. "आता लिफ्ट असणारे आमच्याकडे. आत्याबाई, तुम्हाला वेगळी खोली देऊ."

"मग पाळीपाळीनं ठेवू," धाकट्यानं तोडगा काढला. "काही महिने माझ्याकडे, काही ताईकडे, काही दादाकडे. सगळ्यांना सेवा घडेल. दुकान घेणाऱ्याची एकच अट आहे, वरची खोली रिकामी करून हवी. ती झाली की लगेच सह्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दादानंसुद्धा, थोडी. ही भावंडं एखाद्या गोष्टीवर एकमतानं मान डोलावताना वहिनींनी प्रथमच पाहिली.

आत्यानं चष्मा काढून पदरानं पुसला. "बरं," ती म्हणाली. "कपडे बांधायला फार वेळ लागायचा नाही मला. पहिली पाळी कुणाची?"

धाकट्यानं बॅटरी बंद केली, परत लावली, परत बंद केली.

"माझ्याकडे आत्ता दवाखान्याच्या वरच्या मजल्याचं काम निघालंय," तो म्हणाला. "धूळ असते नुसती. आत्याला त्रास होईल. ताईकडे आधी जाऊ दे."

"माझ्या परीक्षा तोंडावर आल्यात," मधली म्हणाली. "दिवसभर घरात कुणी नाही. एकटी कशी राहील ती? दादा थोरला आहे. मान त्याचा."

"तिसरा मजला आहे आमचा, ताई," वहिनी म्हणाल्या. "या वयात जिने चढायला लावायचे? लिफ्टचं घर व्हायचंय अजून."

"पण तुमच्याकडे वारा किती छान येतो," मधली म्हणाली.

"आणि तुमच्याकडे बाग आहे," वहिनी म्हणाल्या.

"याच्याकडे तर डॉक्टर घरातच," दादानंही तोंड उघडलं.

"मी दातांचा आहे, दादा. तिला दात कुठे आहेत?"

"मी वर आहे," आत्या म्हणाली. "ठरलं की हाक मारा."

ती जिना चढू लागली. तिच्या पाठीमागे भावंडांच्या बोलण्याला आता चांगलाच जोर आला होता. प्रत्येक जण दुसऱ्याच्या घराची तोंड भरून स्तुती करत होता. धाकट्याला मधलीचा शेजार किती चांगला आहे हे आठवत होतं, मधली दादाच्या घरातल्या प्रकाशाबद्दल बोलत होती, आणि वहिनी धाकट्याच्या बायकोच्या हाताला काय चव आहे ते शपथेवर सांगत होत्या. घरच्या माणसांविषयी इतकं चांगलं बोलणं त्या दुकानात कधी ऐकू आलं नव्हतं.

आत्या खोलीत आली आणि खाटेवर बसली. खोली रिकामी झाल्याशिवाय सह्या व्हायच्या नव्हत्या. ती रिकामी व्हायची तर पहिली पाळी कुणीतरी घ्यायला हवी होती. आणि आपण जिवंत असेपर्यंत ती कुणी घेणार नाही, हे तिला खालच्या कौतुकावरून स्वच्छ कळलं. म्हणजे खोली राहिली. सकाळपासून तिला एवढंच हवं होतं. पण तिला आनंद झाला नाही. तिला रडू आलं, आणि ते खाली ऐकू जाऊ नये म्हणून तिनं नळ सोडून दिला.